लाल पाटीवरचा शब्द

“बाई, अंगठ्याचं ऱ्हाऊ द्या. त्या पाटीवर काय लिव्हलंय तेवढं सांगा,” इलाही शिकलगार म्हणाला.

मी आयोडिनचा बोळा त्याच्या अंगठ्यावर जरा जोरातच दाबला. सांगलीजवळच्या देवस्थळी मेटल वर्क्समध्ये मी तेव्हा नर्स होते. पत्र्याने कापलेली बोटं बांधायची, डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला गोळी द्यायची आणि रजेसाठी कण्हत आलेल्याला हाकलून द्यायचं, एवढंच माझं काम. पाट्या वाचणं त्यात बसत नव्हतं.

“ते इंग्रजी नाही, इलाहीभाई. इंग्रजी असतं तर वाचलं असतं.”

“मालक म्हणत्यात इंग्रजीच हाय.”

“मालकांचं इंग्रजी मला माहीत आहे. अंगठ्याला काय केलंत?”

“पातं दुबार पडलं. पेडल एकदा दाबलं की त्यानं एकदाच पडाया पायजे. पर मधीच त्येच्या मनाला येतंय आन् पुन्यांदा पडतंय. म्होरं जाळी हाय म्हणून नखावर भागलं.”

‘ते’ म्हणजे चेकोस्लोव्हाकियातून आलेलं पत्रा कापायचं यंत्र. आम्ही लोखंडी कपाटं आणि ट्रंका बनवायचो, आणि एवढा जाड पत्रा एका दणक्यात कापणारी दुसरी कातर जिल्ह्यात नव्हती. बोटीतून उतरून आली तेव्हा तिच्या कपाळावर एक लाल पाटी होती. वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, खाली बारीक ओळी. पूजेसाठी यंत्र नवंकोरं दिसावं म्हणून मुकादमाने त्यावर हिरवा रंग मारून घेतला, त्यात बारीक ओळी गेल्या. मोठा शब्द तेवढा ठेवला, कारण लाल रंग हिरव्यावर उठून दिसत होता. POZOR.

ती कातर एकट्या इलाहीच्या हाताला वळली होती. मिरजेत त्याच्या भावाचं तंबोऱ्यांचं दुकान होतं. कामावरून सुटला की इलाही तिथं जाऊन जवारी लावायचा. तारांच्या खालची हाडाची पट्टी कानशीने कणाकणाने घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग कधीतरी आवाज उघडतो. त्याच्या भावाला ते जमत नसे. कारखान्याचा पगार घराला लागायचा, पण इलाहीचा जीव त्या जवारीत होता. मी त्याच्या बोटांना बँडेज बांधलं की तो आधी विचारायचा, “आज कानस धरता येईल न्हवं?”

त्या दिवशी तो हे विचारत असतानाच कॉम्रेड शेडबाळे आत आले. बाळगोंडा शेडबाळे हे आमच्या युनियनचे पुढारी. सहा महिने मॉस्कोला राहून आले होते आणि त्याला बरीच वर्षं झाली असली तरी ते अजून तिथून परत येत होते. चहा पितानाही तिथला चहा कसा असतो ते सांगायचे.

“पोझोर,” ते म्हणाले. “आत्ताच बघून आलो. सिस्टर, पोझोर म्हणजे काय म्हाईत हाय?”

“नाही. यांनाही तेच हवंय.”

“रशियन भाषेत पोझोर म्हणजे बेइज्जती. लाज. कलंक!” त्यांनी माझ्या टेबलावर थाप मारली तशी थर्मामीटरची बाटली उडाली. “आलं का ध्यानात? समाजवादी देशातला तपासनीस किती प्रामाणिक असतोय बघा. यंत्र बिघडलेलं निघालं, तर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, ह्यो आमच्या कारखान्याला कलंक हाय म्हणून. आणि आपल्या मालकानं तेच भंगारात घेतलं!”

“पण यंत्र रशियाचं नाही. चेक लोकांचं आहे.”

“सिस्टर, कोल्हापूरची भाषा आणि सांगलीची भाषा वेगळी हाय का?”

“थोडी आहे.”

“थोडीच न्हवं? मग झालं तर.”

“कॉम्रेड,” इलाही म्हणाला, “कलंक असंल नसंल. पातं दुबार पडतंय, त्ये मालकाच्या कानावर घालता का?”

“घालतो की. मागण्यांत लिहितो,” असं म्हणून शेडबाळे गेले, आणि संध्याकाळी फाटकावर सभा झाली. मागण्यांत दुबार पात्याचा मुद्दा खरोखरच होता, कँटीनच्या पातळ आमटीच्या खाली. पण आमटी आणि पातं कुणाच्या लक्षात राहणार? लक्षात राहिला तो शब्द. दुसऱ्या दिवसापासून पोरं घोषणा द्यायला लागली, “पोझोर, पोझोर! देवस्थळीचा पोझोर!” घोषणा म्हणून शब्द झकास होता, हे मला मान्य करावंच लागेल.

घोषणा ऐकून मालकांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि मला वर बोलावणं आलं. आप्पासाहेब देवस्थळी बाही वर करून बसले होते. समोर कॉलेजातले टेंभेसर होते. सर संस्कृत शिकवायचे आणि कुठल्याही शब्दाला त्याच्या आजोळी पोहोचवून द्यायचे. मी मालकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“मुळात या स्लाव भाषा आपल्याच कुळातल्या,” टेंभेसर सांगत होते. “त्यामुळे प्रश्न अवघड नाही. पोझोर. यातला ‘झोर’ तुम्हाला ओळखू येत नाही?”

“झोर,” मालक म्हणाले.

“जोर! आपला जोर!”

“पण जोर हा शब्द फारशी ना?” मला राहवलं नाही. माझे वडील उर्दू शाळेत शिकले होते.

“बाई, फारशी म्हणजे तरी कोण? चुलत घराणंच,” सर माझ्याकडे न बघता म्हणाले. “आता राहिला ‘पो’. पूर्णचा पू, पूचा पो. हे तर विद्यार्थीसुद्धा सांगेल. पोझोर म्हणजे पूर्ण जोर! निर्मात्याने अभिमानाने लिहिलंय की हे यंत्र पूर्ण जोराने चालवा.”

पारा सरसर खाली आला. एवढं गुणकारी औषध मी कुणाला देऊ शकले नसते.

“आप्पासाहेब,” मी पट्टा सोडता सोडता म्हटलं, “यंत्राच्या कंपनीचा चेक इंजिनिअर दिल्लीला आलेलाच आहे, इथंही येणार आहे म्हणतात. त्यालाच विचारलं तर?”

“त्याला विचारायचं, म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं,” मालक म्हणाले. “आणि तोपर्यंत हे शेडबाळे माझी अब्रू वेशीवर टांगणार. नाही, नाही. सरकारी कामगार अधिकाऱ्यांना बोलावू. त्यांच्यासमोर यंत्र चालवून दाखवू. पूर्ण जोराने!”

खाली आल्यावर मी शेडबाळ्यांनाही तेच विचारलं.

“तो कंपनीचा माणूस,” ते म्हणाले. “तो कशाला खरं सांगंल? आणि माझं रशियन काय खोटं हाय?”

खोटं नव्हतं. पण ते पुढं कळायचं होतं.

पूर्ण जोर हा अर्थ एकदा ठरल्यावर मॅनेजरला दिसलं की पुढची जाळी आडवी येते. जाळीमुळे पत्रा सरकवायला वेळ लागतो. मग जोर पूर्ण कसा होणार? त्याने जाळी काढून टाकली. सकाळी इलाही माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. नुसताच येऊन स्टुलावर बसला.

“बाई, जाळी काढल्या.”

“मग चालवायला नाही म्हणा.”

“न्हाई म्हटलं तर मालक म्हणणार, ह्यो शेडबाळ्याचा माणूस. चालीवलं तर शेडबाळे म्हणणार, मालकाचा माणूस. आन् दुबार पडतंय त्ये दोघास्नी बी सांगून झालंय.”

“मी सांगते.”

मी आधी मालकांकडे गेले. ते पाहुण्यांसाठी आणलेले पेढे मोजून घेत होते. म्हणाले, “सिस्टर, तुमचं काम लागल्यावरचं. लागायच्या आधीचं आम्ही बघतो.” मग शेडबाळ्यांना गाठलं. त्यांना वाटेत अडवून सांगितलं की पातं दुबार पडतं, जाळी नाही, माणसाचा हात जाईल, थांबवा हे.

“पडतंय न्हवं दुबार?” त्यांचे डोळे चमकले. “पडू दे की. साहेबांच्या डोळ्यांदेखत पडू दे. त्याशिवाय कळणार कसं?”

“हात कुणाचा आहे तिथं?”

“इलाही हुशार हाय. त्यो मागं घेईल.”

मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं. तरी मी नुसती कापसाची पिशवी भरून घेतली आणि यंत्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. आजही तो दिवस आठवला की त्या कापसाच्या पिशवीचीच चीड येते.

ऑफिसमधल्या खुर्च्या शेडमध्ये आणून मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर कामगार अधिकारी दिघेसाहेब, एका बाजूला मालक आणि टेंभेसर, दुसऱ्या बाजूला हाताची घडी घालून शेडबाळे. मागं कामगारांची ही गर्दी, काही जण तर दिसावं म्हणून खोक्यांवर चढलेले. लाल पाटीला झेंडूचा हार घातला होता. टेंभेसरांनी उठून त्या शब्दाविषयी चार शब्द सांगितले. मग मागून कुणीतरी “पोझोर!” म्हणून ओरडलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला वाटलं की आपलीच घोषणा झाली.

इलाहीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पत्रा सरकवला.

पहिला पत्रा लोण्यासारखा कापला गेला. दुसराही. मालक दिघेसाहेबांच्या कानाशी काहीतरी सांगत होते, शेडबाळे ओठ चावत होते. आणखी एक पत्रा झाला. पुढच्याचा कोपरा पात्याखाली अडकून वर आला. इलाहीने तो सोडवायला उजवा हात आत घातला. पेडलवरचा त्याचा पाय उचललेला होता. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण मी त्या पायाकडेच बघत होते.

पातं पडलं.

मागच्यांना पत्र्याचा आवाज आला, पत्रा दोन तुकडे होऊन पडलेला दिसला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या; त्या ऐकून दिघेसाहेबांनीही. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

तर्जनी आणि मधलं बोट गेलं. मी त्याचा हात वर धरून दाबून ठेवला होता आणि गाडी, गाडी म्हणून ओरडत होते. इलाही ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “बाई, उजवा का डावा?” मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

चेक इंजिनिअर त्यानंतरच्या सोमवारी आला. मारेक नावाचा, टकला, उंच, घामाने निथळलेला माणूस. मिरजेच्या दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकल्यामुळे माझं इंग्रजी कामापुरतं होतं, त्याचंही तेवढंच होतं, म्हणून मॅनेजरने त्याला माझ्या गळ्यात मारलं. मी त्याला यंत्रापाशी नेलं. पाटीवर सुकलेला हार तसाच होता.

“यावर फुलं का?” त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. कलंक सांगितला, पूर्ण जोर सांगितला. तो आधी हसला. मग पुसायचे राहून गेलेले रक्ताचे डाग त्याला खाली दिसले आणि तो तिथल्याच खोक्यावर बसला.

थोड्या वेळाने उठून त्याने हार काढला, खिशातल्या किल्लीने पाटीखालचा हिरवा रंग खरवडला. बारीक ओळी वर आल्या. त्याने एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला. “पात्याखाली हात घालू नका. जाळीशिवाय चालवू नका.”

“आणि वरचा?”

“सावधान. एवढंच. आमच्याकडे ट्रामवर असतो, खणलेल्या रस्त्यावर असतो. ज्याच्या दारात कुत्रा आहे तो फाटकावर हाच शब्द लावतो.”

“म्हणजे कलंक म्हणणारे शेडबाळे खोटं बोलत होते?”

“नाही, नाही. रशियात तोच अर्थ आहे. लाज.” त्याने डोकं खाजवलं. “आणि तिकडे बेलग्रेडला गेलात तर नाटकाच्या थिएटरला यावरूनच झालेलं नाव आहे. आमच्या शाळेत मास्तर सांगायचे, जुना शब्द एकच. त्यात फक्त बघणं आहे. लोक बघायला जमतात, तेही तेच. सगळे आपल्याकडे बघतात म्हणून मान खाली जाते, तेही. आणि अरे, नीट बघ, असं ओरडतो, तेही. एकेका देशाने एकेक अर्थ ठेवून घेतला.”

“आमच्याकडे एवढं लांब जावं लागत नाही,” मी म्हटलं. “माझी आई ‘बघून चाल’ म्हणायची आणि ‘लोक बघतील’ पण म्हणायची.”

त्याने मान हलवली. मग यंत्राचं मागचं झाकण उघडून त्याने पातं दुबार पाडणारी झिजलेली स्प्रिंग बाहेर काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि दुसरी बसवली. एवढ्याशा कामाला त्याला अर्धा तासही लागला नाही.

खरा अर्थ कळल्यावर मालकांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. मी बावळट. ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

“सावधान? म्हणजे धोक्याची सूचना? यंत्रावर? पहिल्यापासून?”

“हो.”

“मग इलाहीने ती पाळली का नाही?”

वकिलांनी त्यांना लगेच सांगितलं की धोक्याची सूचना समोर असताना कामगाराने मुद्दाम हात घातला, तर मालक भरपाई देणं लागत नाही. त्या दिवसापासून आप्पासाहेब त्या पाटीवर स्वतः फडकं मारून घ्यायला लागले. तिकडे शेडबाळ्यांनी फाटकावर दुसरी सभा घेतली. त्यांच्या मते अपघाताने सिद्ध झालं होतं की शब्दाचा अर्थ कलंकच. चेक अर्थ मान्य केला असता तर सहा महिन्यांच्या मॉस्कोचं काय झालं असतं?

चौकशी दिघेसाहेबांसमोरच झाली. लांब टेबल, टोकाला लिहून घेणारा कारकून. मालक आणि त्यांचे वकील होते, शेडबाळे होते, शब्दाच्या अर्थासाठी तज्ज्ञ म्हणून टेंभेसर होते. मी जखमेची साक्ष द्यायला. इलाही माझ्या शेजारी बसला होता, उजवा हात मांडीवर, रुमालाखाली झाकलेला. ही भरपाई मिळाली तर भावाच्या दुकानात त्याला लाकूड आणि तारा घेऊन काहीतरी वेगळं सुरू करता येणार होतं. जवारी आता होणार नव्हती. कारखान्याने तर त्याला कधीच घरी बसवलं होतं.

“इलाही शिकलगार,” वकिलांनी विचारलं, “यंत्रावर लाल पाटी होती. खरं ना?”

“व्हय.”

“त्यावर सावधान असं लिहिलेलं तुम्ही रोज पाहत होता. खरं ना?”

“बघत हुतो की, साहेब,” इलाही म्हणाला. “पर तवा त्येचा अर्थ पूर्ण जोर हुता.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वकील मात्र मोठ्या प्रसन्नपणे कारकुनाकडे वळले. “लिहून घ्या. कामगाराने सूचना पाहिल्याचं कबूल केलं.”

कारकून लिहायला लागला. मी शेडबाळ्यांकडे बघितलं. आता तरी हा माणूस बोलेल, जाळी काढल्याचं सांगेल, दुबार पात्याचं सांगेल. ते छताकडे बघत होते. बोलायचं तर सावधान हा अर्थ आधी कबूल करावा लागला असता.

मी उठले. वकील म्हणाले, “सिस्टर, तुमची पाळी नंतर.” मी इलाहीच्या मांडीवरचा रुमाल काढला, त्याचा हात धरून टेबलावर ठेवला आणि पट्टी सोडायला लागले. त्याने विरोध केला नाही. शेवटचा वेढा निघाला.

“बघा,” मी म्हटलं.

मालक खिडकीतून बाहेर बघायला लागले. शेडबाळ्यांनी नजर छतावरून काढली ती थेट स्वतःच्या चपलांवर आणली. टेंभेसर चष्मा पुसत राहिले. मॅनेजर पाणी पिऊन येतो म्हणून गेला. दिघेसाहेबांनी मात्र बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांची खुर्ची त्या दिवशी अगदी मधोमध होती आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते, हे मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असावं.

“ते वाक्य खोडा,” ते कारकुनाला म्हणाले. “हा जे बोलला तेच लिहा. जसंच्या तसं.”

कारकुनाने वाक्य खोडलं आणि मोठ्याने म्हणत म्हणत नवं लिहायला घेतलं. “पण... तेव्हा... त्याचा अर्थ...” मग तो थांबला आणि त्याने मान वर केली.

“साहेब, पूर्ण जोर हा एक शब्द की दोन?”

टेंभेसरांनी चष्मा चढवला आणि घसा साफ केला.

“त्याचं असं आहे,” ते म्हणाले. मी पट्टी पुन्हा बांधायला घेतली.